भैयाजींचा ओला रंग
तांडापेठेतले भैयाजी धकाते गेली एकवीस वर्षं रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात चादरींच्या खोलीवर आहेत. घरचे हातमाग बंद पडले तेव्हा बोटांना कापडाचीच ओळख होती, म्हणून त्यांनी कापडाचंच काम धरलं. चादरीवर नुसतं बोट फिरवून ती किती वेळा धुतली हे ते सांगतात, असं तिथल्या नर्स म्हणतात. जायला-यायला एक जुनी काळी सायकल.

इतवारीच्या गल्ल्यांतून जाताना त्यांना कधी भीती वाटली नाही. तिथे हातगाड्या आणि टेम्पो अंगाला घासूनच जातात, पण माणसाच्या चालीनं. वेग घ्यायला जागा आहे कोणापाशी? भीती पुढच्या रुंद रस्त्याची. एका सकाळी तिथेच एका मोटारीचा आरसा भैयाजींच्या उजव्या कोपराला फाडकन लागला. मोटार पुढे जाऊन थांबली, चालक उतरून मागे आला. भैयाजींना वाटलं, माणूस भला आहे, विचारपूस करेल. त्यानं खिशातून रुमाल काढला, आरसा पुसला, उन्हात तिरपा करून पाहिला आणि निघून गेला.

संध्याकाळी कोपराला हळद लावता लावता त्यांच्या बायकोनं, रुख्माबाईंनी, आपलं मत सांगितलं. सायकल काळी, सदरा मातकट, असा माणूस रस्त्यावर दिसणार कसा? त्यांनी उरलेल्या कापडांतून एक केशरी-पोपटी जाकीट शिवलं, त्याला सोनेरी किनारही लावली. दुसऱ्या दिवशी भैयाजी सगळ्यांना दिसले. इतके दिसले की लोक नीट पाहायला आणखी जवळ येऊ लागले. एका बाईंनी तर मोटार अगदी हँडलला भिडवून काच खाली केली आणि तुमचा बँड पुढच्या गुरुवारी रिकामा आहे का, असं विचारलं.

मग भैयाजींनी रात्रभर विचार केला. त्या चालकानं आरसा पुसला होता, कोपराबद्दल अक्षर काढलं नव्हतं.

"त्याचा जीव माह्या कोपरात नोहता वं," ते सकाळी रुख्माबाईंना म्हणाले, "त्याचा जीव गाडीच्या रंगात होता."

त्यांनी कॅरिअरला एक बांबूची काठी आडवी बांधली, उजवीकडे हातभर बाहेर निघेल अशी. काठीच्या टोकाला रंगाऱ्याचा रुंद ब्रश, लालभडक तेलरंगात बुचकळलेला. मागे पाटी : 'रंग ओला आहे'. इतवारीत काठी दोरीनं वर ओढून घ्यायची, रुंद रस्ता लागला की खाली सोडायची. पहिल्या दिवशी रंग खरंच ओला होता, त्यामुळे दवाखान्यात पोचेपर्यंत भैयाजींचा पायजमा आणि वाटेतली एक गाय दोन्ही ठिपक्यांचे झाले. त्यानंतर ब्रश पुन्हा रंगात बुडवला नाही. वाळलेला तेलरंगही ओल्यासारखा चमकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

आणि काय सांगावं, रस्ता दुभंगला. माणसाला न भिणाऱ्या मोटारी ब्रशाला भिऊन चार-चार हात लांबून जाऊ लागल्या. महिनाभर भैयाजी नवरदेवाच्या ऐटीत दवाखान्यात गेले.

मग एका सिग्नलवर पांढऱ्या कोऱ्या मोटारीचा मालक खाली उतरला. आपल्या दारावरचा लाल ओरखडा दाखवून तो म्हणू लागला की हा याच माणसाच्या ब्रशाचा आहे, गाडी याला आपल्या हातानं घासून द्यावी लागेल. वाहतूक पोलीस करिष्मा मेश्राम तिथे ड्युटीवर होत्या. त्यांचा पांढरा शर्ट नुकताच इस्त्री केलेला, त्यामुळे त्या ब्रशापासून दोन पावलं मागे उभ्या राहूनच चौकशी करू लागल्या.

"काका, खरं सांगा, रंग ओला आहे का?"

भैयाजी पेचात पडले. ओला म्हटलं तर गुन्हा कबूल, वाळला म्हटलं तर महिन्याची करामत मातीत. त्यांनी एकदा मागे खोळंबलेल्या गाड्यांकडे पाहिलं, मग सुस्कारा सोडून काठी दोरीनं वर ओढली आणि ब्रश आपल्या गालावरून, दाढी करावी तसा, सावकाश फिरवला. गाल कोरडाच राहिला.

करिष्माबाईंनी मोटारवाल्याला विचारलं, तुमच्या घरच्या फाटकाचा रंग कोणता? तो घाईनं गाडीत जाऊन बसला आणि सिग्नल हिरवा व्हायची वाट पाहू लागला.

भैयाजी सुटले, पण ऑफिसच्या वेळेची मंडळी रोजचीच. त्या चौकात पन्नास-साठ जणांनी कोरडा गाल पाहिला होता. दुसऱ्या दिवसापासून मोटारी पुन्हा काठीला खेटून जाऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी एका ऑटोनं काठीच मोडून नेली. त्या हिसक्यानं भैयाजींचं हँडल डगडग हलू लागलं, सायकल कधी इकडे, कधी तिकडे. त्यांना वाटलं, आता संपलं. पण मागची बस थांबली. तिच्यामागे आठ मोटारी थांबल्या. कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

घरी आल्यावर हे सगळं ऐकून रुख्माबाईंनी पाटी उलटी केली आणि खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'सायकल शिकून राहिलो'.

"मी पंचेचाळीस वर्सं सायकल चालवून राहिलो. लोकं काय म्हणतीन? मले लाज वाटते."

"लाज वाटली तं प्लास्टर नाही लागत," रुख्माबाई म्हणाल्या.

आता भैयाजी रुंद रस्त्याला लागले की हँडल थोडं हलवतात आणि चेहरा घाबरा करतात. मोटारी दुरूनच वळसा घेतात. अडचण झाली ती वेगळीच. सकाळी फिरायला येणारे प्रेमानंद गजभिये, निवृत्त शिक्षक, यांना भैयाजींची दया आली. ते रोज वाटेत गाठतात, कॅरिअर धरतात आणि दोन विजेच्या खांबांइतकं अंतर मागे धावतात.

"खाली पाहू नका, भैयाजी, समोर पाहा. मी धरून आहो."

खरं सांगून टाकावं असं भैयाजींच्या मनात चार-पाच वेळा आलं. पण गेल्या सोमवारी गजभिये गुरुजींनी हळूच हात सोडला, भैयाजी एकटे पुढे गेले, आणि मागून टाळ्या ऐकू आल्या. वळून पाहिलं तर गुरुजींचे डोळे भरून आले होते. मग भैयाजींनी काय करावं? ते थोडे डगमगले, पाय टेकून थांबले आणि म्हणाले, "उद्या पुन्हा धरा, गुरुजी. वळण अजून जमत नाही."