उलट बाजूचा निबंध

शिकवणं थांबलं तरी किस्से साठतच राहतात. दांडिया बाजारात देवळाच्या ओट्यावर आम्ही निवृत्त मास्तर संध्याकाळी जमतो. प्रत्येकाच्या किश्शात तो स्वतः जिंकतो. माझ्या किश्शांत मी हरतो.

मुंबईहून एम.ए. होऊन आलो आणि इथे मुलींच्या एका शाळेत निबंध शिकवू लागलो. माझी पद्धत एकच: जे स्वतःला पटत नाही, तेच समोरच्याला पटेल असं लिहायचं. पहिलाच विषय दिला, 'शाळेला सुट्टी नसावी.'

कुसुम उभी राहिली. घडियाळी पोळ या गल्लीतली मुलगी. तिला मास्तरीण व्हायचं होतं.

"मास्तर, हे तुम्हाला तरी पटतं का?"

"नाही."

"मग आपण खोटं चांगलं लिहायला शिकतोय का?"

मी चष्मा पुसला. "उद्या सांगतो."

तो उद्या काही उगवला नाही. 'मास्तर उद्या सांगतील' ही मात्र वर्गातली म्हणच होऊन बसली.

*

इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. फळ्यावर विषय होता, समुद्रापार प्रवास करावा की नाही.

"करावा असं कुणाला वाटतं?" सगळे हात वर.

"आणि करू नये असं?" पुन्हा सगळे हात वर.

साहेब म्हणाले, "शिकवणं पक्कं आहे, मास्तर. आता मी शेरा काय लिहू?"

मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "मास्तर उद्या सांगतील."

*

घरीही तेच. मेव्हण्याकडच्या लग्नाला का जाऊ नये, याची मी तीन कारणं क्रमाने मांडली. हिने शांतपणे ऐकून घेतली.

"चौथं आहे का?"

"नाही."

"मग अंगरखा घाला. टांगा आलाय."

खालून टांगेवाला ओरडत होता, "चालो, मास्तरसाहेब!"

*

ओट्यावर हा शेवटचा किस्सा मी सांगत नाही.

आमच्या संस्थानात महाराजांनी मुलींनाही शाळा सक्तीची केली होती; कुसुमचं ते सक्तीचं वय संपलं होतं. पुढे शिकवायचं की नाही हे आबासाहेबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या हातात. त्याच सुमारास मी विषय दिला, 'मुलींनी पुढे शिकू नये.' तिने निबंध असा लिहिला की मी तो दोन वर्गांत वाचून दाखवला.

पुढच्या आठवड्यापासून कुसुम शाळेत दिसेना. मी तिच्या घरी गेलो.

आबासाहेब जुन्या शिलेदार घराण्यातले. त्यांनी मला मानाने झोपाळ्यावर बसवलं, चहा मागवला. मी प्रमाणं दिली, दाखले दिले, महाराजांच्या धोरणाचा हवाला दिला. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही.

मग म्हणाले, "मास्तर, मी शिकलेला माणूस नाही. पोरीला म्हटलं, शाळेत काय लिहितेस ते वाचून दाखव. तिने वाचलं. मला पटलं."

"अहो, तो नुसता अभ्यास होता. तिचं मत नव्हे ते."

"तीही तेच म्हणाली, रडून रडून. पण खाली तुमच्या हातचा शेरा आहे, तोही मी तिच्याकडून वाचवून घेतला. 'या म्हणण्याला उत्तर नाही.'" त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "आहे का तुमच्यापाशी उत्तर? असलं तर सांगा. पोरीला उद्यापासून पाठवतो."

मी तोंड उघडलं. माझ्याच शिकवणीतला एकेक मुद्दा आठवू लागलो, आणि प्रत्येकाला तिने निबंधात दिलेलं उत्तरही आठवत गेलं.

दाराआडून कुसुम म्हणाली, "आबा, थांबा जरा. मास्तर उद्या सांगतील."