उसने कंट्रोलर

धायरीत आमच्या समोरच्या इमारतीत राहणाऱ्या त्या बाई कार्यक्रमांत इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवतात. बोलतानाही त्यांची बोटं टेबलावर ठेका धरून असतात. बोलणं मात्र तुटक.

मलाही तसं वाजवायचं होतं. त्यासाठी चौकोनी बटणांचा कंट्रोलर हवा होता, ज्यावर एकेक बटण दाबून ठेका आणि सूर रचता येतात. मोठा घ्यावा की छोटा, हे व्हिडिओ बघून काही ठरेना. शेवटी त्यांनाच विचारलं.

"अहो, बघून काय कळणार?" म्हणत त्यांनी आपले दोन्ही कंट्रोलर माझ्या हातात ठेवले. "घरी वाजवा. ज्याचा राग येईल तो आधी परत आणा."

त्याच शनिवारी त्यांचा कार्यक्रम असल्याचं मला आयत्या वेळी कळलं. धावत गेलो, तर दोन्ही कंट्रोलर माझ्याकडे असल्यामुळे त्या लॅपटॉपच्या कळांवरच वाजवत होत्या. मध्येच एक ठेका निसटला, तो त्यांनी हसत पुन्हा पकडला. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

"सांगायचं तरी!" मी नंतर म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्ही घाईत कुठला तरी निवडला असता. मग तो कपाटात पडला असता."

शेवटी मी स्वतःसाठी छोटा विकत घेतला. त्याला अजून कपाट माहीत नाही, आणि ते त्यांच्यामुळे.