पाणी कुठं जातंय

तिसरीच्या वर्गाला मी पुणे जिल्हा शिकवते. पश्चिमेला रायगड, मध्ये सह्याद्री. नकाशावर पट्टी ठेवून रेघ दाखवायची, मुलं एका सुरात म्हणतात, झाला धडा. नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ हे जुने प्रांत नद्यांच्या खोऱ्यांवरून ठरले, हेही फळ्यावर लिहून देते. म्हणजे नक्की काय, हा प्रश्न ना मुलांना पडला ना मला.

भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी नवरा आणि मी कुरवंड्याच्या पुढे कड्याकडे फिरायला गेलो. पाऊस उघडून आठवडा झाला होता, पण धुकं उतरलं आणि वाट चुकली. दम खायला बसताना त्याने दगडाला हात टेकला आणि कळवळला. कपारीत फुरसं होतं. मनगटावर दोन ठिपके, बघता बघता पंजा सुजला. मी रुग्णवाहिकेला फोन लावला.

"लोकेशन रायगड दाखवतंय, मॅडम. जिल्हा नक्की कोणता?"

चुकीचं सांगितलं तर आम्ही घाटावर आणि गाडी घाटाखाली, नाहीतर उलट, एवढं कळत होतं. आणि लोणावळ्यात जन्म गेलेल्या मला आपण रेघेच्या कुठल्या अंगाला उभे आहोत ते सांगता येईना. वाटलं, हा आता माझ्यासमोर जाणार, आणि म्हणे मी भूगोलाची बाई.

आमचे आवाज ऐकून म्हशींमागे चाललेले एक म्हातारे जवळ आले.

"आबा, हे मावळ का कोकण?"

"शिवंचा दगुड दिसंना बगा धुक्यात. पानी हाय का? वता त्या कातळाव. हिकडं आलं तर आपलं मावळ, तिकडं गेलं तर कोकन."

नवरा मघापासून पाणी मागत होता. बाटली माझ्या पिशवीत होती, तळाला दोन घोट उरलेले. मी ते कातळावर ओतले. पाणी पसरलं आणि थांबलं. तेवढ्या वेळात मी जितकी घाबरले तितकी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. मग एक बारीक ओघळ निघाला, जरा घुटमळला आणि आमच्या पायांकडे आला.

"पुणे," मी फोनवर म्हणाले. "मावळ तालुका. गाडी कुरवंड्याला पाठवा."

आबांनी हाका मारून जवळच्या वाडीतली माणसं जमवली. त्यांनी त्याला घोंगडीत घालून गावापर्यंत नेलं. गाडी आली होती.

तो वाचला. आता घरी कोणी आलं की रंगवून सांगतो, "मी पाणी पाणी करतोय आणि ही जिल्हा शोधतेय. हिला ऐकूच आलं नाही." सगळे हसतात, मीही हसते. मला ऐकू आलं होतं, हे अजून मी त्याला सांगितलेलं नाही.