पाणीवाल्या बोटीचा इंजिनियर

एवांथियानं त्याला पहिल्यांदा गाठलं ते भांडायला.

ग्रीसच्या लिथारी बेटावर ना झरा, ना ओढा. घराघरातले पावसाच्या पाण्याचे हौद उन्हाळ्यात तळाला गेले की नौदलाची पाणीवाली बोट यायची आणि सगळं गाव डबे-घागरी घेऊन धक्क्यावर जमायचं. त्या दिवशी पाण्याला डिझेलचा वास मारत होता. बाकीच्या बायका नुसत्या कुरकुरल्या. एवांथिया भरली घागर कमरेवर घेऊन थेट बोटीवर चढली.

"इथला साहेब कोण?"

कामाची तेलकट डांगरी घातलेला एक किडकिडीत माणूस इंजिनखोलीतून वर आला. "कप्तान झोपलेत. मी इंजिनियर, थेमिस वामवाकास. काय झालं?"

"पिऊन बघा."

त्यानं पेलाभर पाणी तोंड वाकडं न करता संपवलं. "बरोबर आहे तुमचं. हे गाढवालासुद्धा देऊ नये."

"मग आम्हाला बरं दिलंत!"

"मला ठाऊक नव्हतं. आता कळलं."

त्यानं कप्तानाला उठवलं, टाकी रिकामी करायला लावली आणि ब्रश घेऊन स्वतः आत उतरला. पुढच्या खेपेला बोट लागली तेव्हा पहिला पेला त्यानं एवांथियाच्या हातात दिला.

"आज काय शिव्या?"

"आज सुट्टी," ती म्हणाली.

पुढच्या ईस्टरनंतर त्यांचं लग्न झालं. तिचा बाप मात्र बरेच दिवस विचारत राहिला, "अधिकारी म्हणतेस, मग जावई कायम स्टोव्हसारखा का वास मारतो गं?"

थेमिस पाणीवाल्या बोटीवर कसा आला, हे तिला लग्नानंतर कळलं, तेही त्याच्या मित्राकडून. आधी तो एका मोठ्या युद्धनौकेवर होता. परदेशी पाहुण्यांसमोर कवायतीला निघायच्या आदल्या दिवशी त्यानं बॉयलर तपासला आणि वरिष्ठांना सांगितलं, "नळ्या झिजल्यात. बदलल्याशिवाय हे जहाज हलवू नका."

"पाहुण्यांसमोर नाक कापतोस का आमचं?"

"नाक कापलं तर पुन्हा वर काढता येईल, साहेब. भाजलेला माणूस कुठून आणणार?"

दुसऱ्या कुणाकडून तरी होकार घेऊन जहाज निघालं, आणि थेमिसची रवानगी पाणी वाहणाऱ्या बोटीवर झाली. कवायतीत नळी फुटली. माणसं वाचली ती निव्वळ नशिबानं. जहाज मात्र दोर लावून ओढत आणावं लागलं. कुणी माफी मागितली नाही, पण काही महिन्यांनी त्याला परत बोलावणं आलं. मोठं जहाज, वरचा हुद्दा, सालामिनाला नौदलाच्या तळावर राहायला घर.

एवांथियानं मनातल्या मनात पडद्यांचं कापडसुद्धा निवडलं होतं. थेमिस नाही म्हणून आला.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"तिथं माझ्याहून हुशार लोक आहेत."

"मग बायकोचा तरी विचार करायचास!"

"केला की. आमची बोट वळणावर दिसली की तुझी आई क्रूस काढते छातीवर. युद्धनौका बघून कधी काढला का तिनं?"

मग तिनं आठवडाभर त्याला बिनतेलाची मसूर वाढली. त्यानं ती खाल्ली, वर आणखी मागून घेतली.

निवृत्तीनंतर बरोबरीचे लोक पिरेअसच्या मोठ्या बंदरात स्थिरावले. हा लिथारीला आला. तोवर बेटावर डिझेलवर चालणारं वीजघर उभं राहिलं होतं. त्याच्या इंजिनांचं गरम पाणी पन्हाळीतून समुद्रात पडायचं. थेमिस ते बघत बसायचा. एका ऑगस्टमध्ये पाण्याची बोट फारच उशिरा आली, लोकांनी बकऱ्या विकायला काढल्या, आणि तो तडक सरपंच झानिसकडे गेला.

"ही उष्णता फुकट चाललीय. हिच्यावर समुद्राचं पाणी गोडं करता येईल. जहाजावर आम्ही तेच प्यायचो."

"समुद्र उकळणार? मग मासे शिजूनच येतील, कालवण तेवढं करायचं!"

"कालवण तू कर. मला वीजघराची किल्ली दे."

मोडीत निघालेल्या जहाजाचं जुनं यंत्र त्यानं भंगारातून मिळवलं. सगळा हिवाळा तो आणि एवांथिया त्यातला क्षार खरवडत होते. तिच्या बोटांची सालं निघाली. "राजवाड्यात ठेवीन म्हणाला होतास," ती टोमणा मारायची. "मी? कधी?" तो खरोखरच आठवत राहायचा.

वसंतात पाणी आलं, काचेसारखं. गाव जमलं. म्हाताऱ्या कालिओपीनं घोट घेतला आणि चूळ भरल्यासारखा गालात फिरवला.

"हे पाणी की वारा? जिभेला काही लागतच नाही!"

लोक हसले. थेमिसनंही चाखलं आणि मान डोलावली. "खरंय. यात दगडाची चव नाही." दुसऱ्या दिवशी तो थडगी घडवणाऱ्याकडून संगमरवराची खडी पोत्यानं घेऊन आला, धुतली, आणि पाणी तिच्यातून झिरपवून हौदात सोडलं.

कालिओपी पुन्हा आली. पेला संपवून तिनं ओठ पुसले. "आता पाणी झालं. पण काय रे, मेल्यावर डोक्याशी यायचा दगड तू आत्ताच आमच्या पोटात घातलास!"

त्या यंत्रावर लिथारीनं कितीतरी उन्हाळे काढले. थेमिसनं खाटकाला आणि पाद्र्याच्या बायकोला ते चालवायला शिकवलं. आपल्याला ताप आला म्हणून गावानं तहानलेलं राहायचं, हे त्याला पटत नसे. मग सरकारचा नवा मोठा प्रकल्प आला. जुनं यंत्र स्मारक म्हणून चौकात ठेवू या, असं झानिस म्हणाला. थेमिस पाने-पक्कड घेऊन गेला आणि स्वतःच ते उकलून बसला.

"चांगलं तांबं आहे. चौकात काय, कबुतरांना बसायला?"

एका दुपारी जेवून त्यानं खुर्चीत डोळे मिटले ते मिटलेच. अंत्यविधीला नौदलाचा तरुण अधिकारी आला, हुद्दे वाचून गेला. नंतर घरात कॉफी आणि ब्रँडी फिरू लागली. हळूहळू जिभा सुटल्या. प्रत्येकाला थेमिसची काहीतरी गोष्ट सांगायची होती, आणि झानिस तर छातीवर हात ठेवून सांगू लागला, की समुद्राचं पाणी गोडं करायची कल्पना मुळात आपलीच.

"माशांची तेवढी तुझी," एवांथिया म्हणाली. सगळे हसले, तीही हसली. मग चेहरा पदरासारख्या काळ्या शालीत झाकून थोडा वेळ रडली, आणि लोकांचे पेले रिकामे झालेत म्हणून उठली.