गौरीच्या पाच इंग्रजी शब्दांची चाचणी

सज्जनहो, आज सकाळी अकोल्यातल्या एका इंग्रजी शाळेत माझ्यामुळे एका मुलीचे नुकसान झाले.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या लताबाईंच्या आठ वर्षांच्या गौरीची प्रवेशचाचणी होती. मी तिला पाच इंग्रजी अक्षरांचे, सारख्याच शेवटाचे पाच शब्द अर्थांसह शिकवले होते: नाईट म्हणजे रात्र, लाईट म्हणजे प्रकाश, राईट म्हणजे योग्य, माईट म्हणजे सामर्थ्य, साईट म्हणजे दृष्टी. पद्धत मात्र वेदपाठशाळेतली, लहानपणी मला लावलेली: मध्ये अडलात की पुन्हा पहिल्यापासून.

शिक्षिकेने प्रेमाने विचारले, "साईट म्हणजे काय?" गौरीने हात जोडून 'नाईट म्हणजे रात्र' असा आरंभ केला.

"नको बाळा, फक्त साईट सांग."

टोकल्याबरोबर तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा थांबवल्यावर तिच्या तोंडून शब्दच फुटेना. जागा एकच शिल्लक होती. ती दुसऱ्या मुलाला मिळाली.

बाहेर येताच लताबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "घरी तं पोपटावानी बोलत होती, अन् इथं काहून मुकी झाली वं?"

"आबाजीनंच सांगतलं, मंधातून म्हनाचं नाई," ती हुंदके देत म्हणाली.

"आबाजीचं नाव नोको घेऊ! त्याईनं देवावानी शिकवलं तुले."

हा आबाजी म्हणजे मी, शेजारीच उभा होतो. जन्मभर उपनिषदे वाचली, पण 'चूक माझी' एवढेही मला बोलवले नाही.

लताबाई उद्या येतील, त्यांची क्षमा मी मागेन. पण जिने माझी आज्ञा तंतोतंत पाळली आणि त्यासाठीच मार खाल्ला, त्या गौरीला काय सांगू? आपल्यापैकी कोणी शिक्षक असल्यास कृपया कळवावे.