कोपराचं माप

"फोटो काढायचा नाहीये, वहिनी. भाजी चिरताना उभ्या राहता तशा राहा. पोट सोडा. हां, आता कोपर दुमडा."

मिस्त्रीनं बाईच्या कोपराशी भिंतीवर खडूची रेघ ओढली. तिच्याखाली चार बोटं मोजून दुसरी मारली. ओट्याची उंची ती.

परसात स्वयंपाकाची सोय करायची म्हटली की लोक आधी फरशीचा रंग विचारतात. हा आधी विचारायचा, रांधणार कोण? मग तिलाच बोलवायचा. घरधनी माप सांगायला पुढे आला तर तोंडावर म्हणायचा, "तुम्ही बसून खाणार. तुमच्या मापाचं काय लोणचं घालू?" शेगडी विझू नये म्हणून वाऱ्याच्या अंगाला आडभिंत, मोरीला उतार, धूर कोंडू नये इतका उंच पत्रा, सगळं त्याच्या बोटांवर. लोकांनी नावच पाडलं होतं, कोपरमिस्त्री.

आणि त्याची बायको मागच्या दाराशी तीन दगडांच्या चुलीपाशी, उकिडवी बसून.

लग्नाच्या पहिल्या महिन्यात त्यानं तिला त्याच दाराच्या चौकटीला उभी केली होती आणि कोपराशी पटाशीनं खाच मारली होती. चार महिन्यांत ओटा होतो बघ, म्हणाला. त्या चार महिन्यांची सव्वीस वर्षं झाली. आधी लोकांची कामं, मग पाऊस, मग परत लोकांची कामं. चौकटीला तीनदा रंग लागला. तिन्ही वेळा रंग ओला असतानाच तिनं काडी घालून खाच मोकळी केली. तोंडानं विचारणं तिनं कधीच सोडलं होतं.

यंदा ती लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर गेली आणि मिस्त्री इरेला पेटला. आल्यावर बघेल म्हणाला. काळा दगड आणला, पातेलं आडवं मावेल अशी खोल मोरी केली, नळ काढला, दोन तोंडांची शेगडी बसवली, हाताच्या अंतरावर डब्यांची फळी मारली. सून एकदा म्हणाली, आईंना येऊ द्या, मग उंची धरा. तो हसला. "तिचं माप मला शिकवतेस?" चौकटीवर खाच होतीच. तिच्याखाली चार बोटं मोजून त्यानं दोरी ताणली.

परवा ती आली. हातातली पिशवी तशीच धरून परसात गेली. दगडावरून हात फिरवला, नळ सोडून बघितला. मग ओट्याशी उभी राहिली आणि तिनं कोपर दुमडलं.

कोपर ओट्याच्या खाली राहिलं. शेगडीवर ठेवलेल्या कढईत बघायला तिला टाचा उचलाव्या लागल्या.

"अगं, ताठ उभी राहा की," मिस्त्री म्हणून गेला.

"ही ताठच उभी आहे मी," ती म्हणाली.

तेव्हा त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. कंबरेत वाकलेली, खांदे उतरलेले. दोन वेळा तिच्या हातचं जेवत होता, पण ती उभी कशी दिसते ते त्याला आठवेना. परक्या बायांना पोट सोडा म्हणून सांगणारा माणूस, घरी मात्र खाचेवर विसंबला होता.

तो घाईघाईनं म्हणाला, विटांचे दोन थर उतरवतो. नाहीतर पायाखाली फळी देतो.

"राहू द्या. या वयात फळीवरून पडायला शिकवू नका." तिनं सुनेला हाक मारून ओट्याशी उभी केली, कोपर दुमडायला लावलं. खाली बरोबर चार बोटं. सुनेला कुठे बघावं कळेना.

"बघा," बायको म्हणाली, "वाया नाही गेला."

मग विळी घेऊन ती आपल्या तीन दगडांपाशी जाऊन बसली.

"मिस्त्री, झालं का? हात अवघडला," वहिनी म्हणाल्या. हात खाली सोडून हसत त्यांनी विचारलं, "तुमच्या घरचा ओटा तर अगदी मापात असेल, नाही?"

"मापातच आहे," मिस्त्री म्हणाला. खडू खिशात टाकला आणि विटा भिजवायला नळाशी गेला.