कपडे सोडायची खोली

गफूर मिस्त्री गेल्याची खबर मला गिरणीच्या फाटकावर, सकाळी हजेरी घेताना मिळाली. शहागंजातले त्यांचे शेजारी रांगेतूनच म्हणाले, "मिस्त्री काल असरच्या वख्ताला, दिवस कलताना गेले." भोंगा व्हायचा होता, रांग खोळंबली होती. मी हजेरीपटात त्यांच्या नावावर रेघ ओढली आणि पुढचं नाव पुकारलं... पंधरा वर्षांच्या ओळखीनंतर मी एवढंच केलं. चाळीस दिवस होऊन गेले तरी स्वतःवरचा राग जात नाही, आणि इतरांवरचाही नाही. वर्तमानपत्राचे पुरवणीवाले म्हणाले, मिस्त्रींच्या दोन गोड आठवणी लिहा. गोड कुठून आणू?

मिस्त्रींचं काम बॉयलरखान्यातलं. वाफेच्या नळांवर अ‍ॅस्बेस्टॉसचा लेप द्यायचा, म्हणजे वाफ वाटेत थंड होत नाही. आमचे कामगार त्याला दगडी कापूस म्हणतात. जुना लेप फोडला की अशी पांढरी धूळ उठायची की समोरचा माणूस दिसू नये. सुरुवातीला मिस्त्रीही हसायचे, "आटा है, क्या होता?" मग एकदा मालाच्या पेटीतून नियमांचा इंग्रजी कागद आला. लेप आधी भिजवा, तोंडाला फडकं बांधा, कोरडं झाडू नका, आणि कामाचे कपडे कारखान्यातच सोडा, घरी नेऊ नका. सरकारी कारभार सगळा उर्दूत, म्हणून इंजिनिअरसाहेबांनी तो माझ्याकडं फेकला, "उर्दूत उतरवा आणि भिंतीला लावा." मी सुरेख अक्षरात उतरवला, चौकटीत काच घालून लावला, आणि 'नियम समजावून दिले' या ओळीखाली प्रत्येकाचा अंगठा घेतला. समजावले कुणी? कुणीच नाही! वैजापूरकडच्या खेड्यांतली माणसं, त्यांना ना उर्दू वाचता येत ना मराठी. शाई लावली, अंगठा टेकवला, चला पुढं. संध्याकाळी एकटे गफूर मिस्त्री माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "कारकूनसाहेब, अंगूठा तो दिया. अब बताओ, काहे पे दिया?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, आणि पुन्हा. तिसऱ्या खेपेला त्यांचं पाठ झालं होतं. त्या दिवसापासून नव्या माणसाची तालीम मिस्त्रींनी स्वतःच्या अंगावर घेतली, कुणी सांगितलं नसताना. फडकं बांधायला सगळ्यांचा नन्नाचा पाढा. कचरू नावाचा एक गडी तर भडकलाच, "मिस्त्री, मुसकं काय बांधता? म्या काय मळणीचा बैल हाय व्हय?" सगळा बॉयलरखाना हसला. मिस्त्री म्हणाले, "बैलानं दाणे खाऊ नयेत म्हणून त्याला बांधत्यात. तू दगड खाऊ नये म्हणून तुला बांधतो. गप बांध!" कचरूनं बांधलं, मग हळूहळू सगळ्यांनी बांधलं. मिस्त्रींचं स्वतःचं फडकं मात्र कायम गळ्यात लोंबायचं. बॉयलरच्या धडधडीत त्यांना घसा ताणून ओरडावं लागे, "आधी पाणी मार! लेका, झाडू नको!" मी एकदा टोकलं तर म्हणाले, "तोंड बांधून तालीम कशी देऊ, तुम्हीच बोला." मी हजेरीपट काखेत मारून परत फिरलो. उत्तर आता सुचतं. ओरडायला मी उभा राहू शकलो असतो. नावं पुकारून पुकारून माझा आवाज चांगला खणखणीत झालाय की!

एका नियमापुढं मात्र त्यांचं काही चालेना. कपडे कारखान्यात सोडायचे तर सोडायचे कुठं? त्यांना फक्त एक खोली हवी होती. पत्र्याची चालेल, आत पाण्याचा एक हौद, बास. अर्ज मीच लिहायचो, सगळे आदाब-अलकाब, मानाचे मायने लावून. दर वर्षी त्याच्यावर 'जेरे-गौर' असा शेरा पडायचा, म्हणजे विचार चालू आहे. कसला विचार, डोंबलाचा! एका वर्षी इंजिनिअरसाहेब म्हणाले, जागा नाही. त्याच महिन्यात त्यांच्या टांग्याच्या घोड्यासाठी बॉयलरखान्याला लागून तबेला उठला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मिस्त्री नुसते म्हणाले, "घोडा किस्मतवाला है." पुढं तपासणीला एक बडे साहेब आले. चौकटीसमोर उभं राहून त्यांनी सगळे नियम वाचले, विचारलं, "अक्षर कुणाचं?" मला शाबासकी दिली आणि निघून गेले. आणि मी खुश झालो होतो, हेही लिहून टाकतो...

बॉयलरखान्यातल्या जुन्या गड्यांना एक कोरडा, तुटक खोकला लागतो, तो मिस्त्रींनाही लागला होता. शेवटी शेवटी त्यांना फाटकापासून बॉयलरपर्यंत जाताना दोनदा बसावं लागायचं. गिरणीच्या कागदांत 'दमा' अशी नोंद आहे. तीही माझ्याच सुरेख अक्षरात.

परवा चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला, दुवा मागायला, त्यांच्या घरी गेलो. अंगणात भिंतीला एक खुंटी आहे, तिच्यावर त्यांचा कामाचा सदरा अजून टांगलेला होता. असा बाहेर का, म्हणून मी विचारलं. भाभी पडद्याआडून बोलल्या, "उनो अंदर नको बोलते थे, भाई. बच्चों को दूर भगाते, खुद झटकने लगते. मैं काहे को झटकने देती? दिनभर का थका आदमी. हात से छीन लेती थी. रोज मैंच झटकी, इधर खड़ी रह के."

किती वर्षं, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पडद्यामागं भाभींचा खोकला सुरू झाला. कोरडा, तुटक, मधेच श्वास अडवणारा. बॉयलरखान्याच्या बाहेर तो खोकला मी पहिल्यांदाच ऐकत होतो.